तीन नंबरच्या पार्किंगमधलं जेट

लिफ्टसाहेबांनी जगातली सर्वांत वेगवान मोटार बांधायला घेतली तेव्हा त्यांना साधी मोटारसुद्धा चालवता येत नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर कुणीतरी मध्येच हा मुद्दा काढतं आणि रंगात आलेल्या गोष्टीचा विचका होतो. सोसायटीच्या सेक्रेटरींनी तर तो भर सभेत काढला होता. "ज्याला स्कूटर येत नाही, तो जेट काय चालवणार?" असं ते म्हणाले आणि सभा खो खो हसली. लिफ्टसाहेबांच्या ते मनाला फार लागलं. कारण ती मोटार ते चालवणारच नव्हते. चालवणार होत्या मॅडम, आणि हे सभेला रीतसर कळवलेलं होतं.

लिफ्टसाहेब म्हणजे लिफ्ट तपासणी खात्यातले निरीक्षक. शहरातली कुठलीही लिफ्ट त्यांच्या सहीशिवाय चालायची नाही, आणि सही करायला ते सहजासहजी तयार व्हायचे नाहीत. उभा जन्म त्यांनी खालून वर आणि वरून खाली जाण्यात घालवला होता, तोही माणसाच्या चालण्याच्या वेगानं. स्वभावही तसाच झालेला. कुठलंही दार उघडलं की आधी आत जमीन आहे ना ते डोळ्यांनी बघायचं आणि मगच पाऊल टाकायचं. स्वतःच्या बाथरूमच्या बाबतीतही ते हा नियम पाळत. घरी पाहुणे आले की त्यांना हमखास सांगत, "लिफ्टचा दोर तुटला तरी लिफ्ट पडत नाही बरं का! गव्हर्नर असतो ना." मग गव्हर्नर म्हणजे काय तेही सांगत. एक चक्र असतं, त्याला दोन वजनं. वेग ठरवलेल्या मर्यादेबाहेर गेला की वजनं बाहेर फेकली जातात, जबडा मिटतो आणि लिफ्ट जागच्या जागी खिळून राहते. एवढं ऐकून होईपर्यंत पाहुण्यांचा चहा गार झालेला असे.

मॅडम म्हणजे त्यांच्या पत्नी. त्या ड्रायव्हिंग स्कूल चालवायच्या. निम्मं शहर त्यांच्या हाताखाली शिकलेलं, म्हणून सगळे त्यांना मॅडमच म्हणत. सेक्रेटरी तर परीक्षेत पुन्हा पुन्हा नापास होत होत त्यांच्याकडेच शिकले होते आणि अजूनही जिन्यात भेटल्या की अंग चोरून बाजूला होत. शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखाली एक जादा ब्रेक असतो. मॅडमचा पाय वर्षानुवर्षं त्या ब्रेकवर होता. समोर शिकाऊ माणूस घामाघूम होऊन स्टिअरिंगला लटकलेला, आणि शेजारी मॅडम शांत, खिडकीबाहेर बघत, पाय तेवढा तयारीत.

एका संध्याकाळी त्या घरी आल्या, चपला काढल्या, खुर्चीत बसून पाय लांब केले आणि छताकडे बघत म्हणाल्या, "अहो, आज एक गंमत लक्षात आली. इतकी वर्षं गाडीत बसते, पण ॲक्सिलरेटर पार खालपर्यंत असा कधी दाबलाच नाही. माझं सगळं आयुष्य ब्रेकवर गेलं."

"हं," लिफ्टसाहेब म्हणाले.

"एकदा सुटायचं होतं हो. पुढं काहीच नाही असं. सिग्नल नाही, कुणी आडवं येणारं नाही. नुसतं सुटायचं."

एवढं बोलून त्या दूध तापवायला उठल्या आणि बोललेलं विसरूनही गेल्या. लिफ्टसाहेब विसरले नाहीत. त्यांच्या खात्याचा शिरस्ता असा, की तोंडी आलेली तक्रार ही सुद्धा तक्रारच, आणि तिचं निवारण होईपर्यंत निरीक्षकानं स्वस्थ बसायचं नाही. ही तक्रार तर घरातून आलेली, आणि करणारीनं आजवर दुसरी कुठली केलेली नाही. त्यांच्या घशाखाली दूध उतरेना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ही गोष्ट मेव्हण्याच्या कानावर घातली. मेव्हणा म्हणजे मॅडमचा धाकटा भाऊ. विमानतळाच्या दुरुस्ती विभागात होता, आणि जगात दुरुस्त न होणारं काही आहे यावर त्याचा विश्वास नव्हता. तो म्हणाला, "भावोजी, ताईला सुटायचंच असेल तर अर्धवट कशाला? जमिनीवरच्या वेगाचा जगाचा विक्रमच मोडू. जुन्या विमानाचं एक इंजिन आमच्याकडे टाकाऊ म्हणून पडलंय. ते घ्यायचं, पुढं एक नाक, खाली चाकं. झालं!" 'झालं' हा मेव्हण्याचा आवडता शब्द. तो त्याच्या तोंडून आला की समजावं, आता कुठं सुरुवात आहे.

त्या दुपारी ऑफिसात टेबलावर डोकं टेकून लिफ्टसाहेबांना डुलकी लागली आणि स्वप्न पडलं. ते एका लिफ्टमध्ये उभे होते. बटण दाबलं, तर लिफ्ट वरही गेली नाही आणि खालीही गेली नाही. ती आडवी निघाली. भिंती मागं पडल्या, रस्ते मागं पडले, शहर संपलं. दार उघडलं तेव्हा बाहेर मजला नव्हता. नजर पोचेल तिथवर पांढरंशुभ्र सपाट मैदान होतं, आणि त्यावरून मॅडम चपला हातात घेऊन एकट्याच चालल्या होत्या, जणू त्यांना कुणी कधी हाकच मारणार नव्हतं. जाग आली तेव्हा शिपाई समोर उभा होता. "साहेब, तुम्ही हसताय?" त्यानं घाबरून विचारलं. लिफ्टसाहेबांनी चेहरा सरळ केला आणि एका इमारतीची सही त्या दिवशी चक्क एकदाच तपासून केली.

इंजिन ट्रॉलीवरून आलं आणि तीन नंबरच्या पार्किंगमध्ये विसावलं. पुढं नाक आणि मागं शेपूट लागत गेलं तशी गाडी लांबत चालली. शेपूट पाच नंबरमध्ये शिरलं तेव्हा सेक्रेटरी नियमावली घेऊन खाली आले. एका घराला एक जागा, असा नियम. मेव्हणा म्हणाला, "वेगात असताना ती एवढी जागा घेत नाही." हे शास्त्रीय वाटल्यामुळे सेक्रेटरी जरा गप्प बसले. शेवटी असा तोडगा निघाला, की गाडीचा मधला भाग संध्याकाळी बसायला सर्वांना खुला ठेवायचा. तेव्हापासून दिवस कलला की त्या लांबलचक चंदेरी नळीवर सोसायटीतली माणसं ओळीनं बसलेली दिसत. कुणी मटार सोलत, कुणी पेपर वाचत, कुणी नुसतंच समोरच्या भिंतीकडे बघत. उन्हानं तापलेला पत्रा संध्याकाळी ऊबदार लागायचा. तिथं बसलं की का कोण जाणे, सगळे हळू आवाजात बोलायला लागत. लिफ्टसाहेब खाली गाडीच्या पोटाशी उताणे पडून स्क्रू पिळत असत आणि वरून येणारं ते बोलणं त्यांना झोपेत ऐकल्यासारखं ऐकू येई.

बोलणं म्हणजे मुख्यतः सल्ले. प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच असे, "ॲव्हरेज काय देते?" मेव्हणा सांगे, "एका टाकीत मैदान संपतं." पण त्यानं कुणाचं समाधान होत नसे. पहिल्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी नाकावरून अंगठा फिरवून सांगितलं, "फार टोकदार आहे. आत्ताच घासून घ्या, नंतर त्रास देईल." सेक्रेटरींचं म्हणणं, बाजूला दोन आरसे हवेत. "मागून कुणी ओव्हरटेक करत असेल तर कळायला नको?" लिफ्टसाहेबांनी डोळे मिटून घेतले. जगातल्या सर्वांत वेगवान गाडीला मागून ओव्हरटेक कोण करणार, हा प्रश्न त्यांच्या ओठांवर आला होता. पण पार्किंगच्या दोन जादा जागा त्या माणसाच्या हातात होत्या.

वाहन नोंदणी कचेरीत वेगळाच प्रकार झाला. कारकुनानं विचारलं, "इंधन?"

"रॉकेल," मेव्हणा म्हणाला.

"रॉकेलवर चालतो तो स्टोव्ह. स्टोव्हची नोंदणी इथं होत नाही." मग बराच वेळ पानं उलटून तो म्हणाला, "मागचा गियर आहे?"

"नाही," लिफ्टसाहेब म्हणाले. "विक्रम पुढच्या दिशेनं मोडायचा आहे."

"मागं जाता येत नाही ते वाहन आम्ही वाहन धरत नाही. आणि हॉर्न?"

मेव्हण्यानं समजावलं, की ही गाडी आवाजाच्याही पुढं जाणार, तेव्हा हॉर्न वाजवला तरी तो ऐकू कुणाला येणार? कारकुनानं या प्रश्नावर प्रामाणिकपणे विचार केला आणि म्हणाला, "मागच्यांना."

 असल्या टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत लिफ्टसाहेब स्वतःच बसत आले होते, आणि अशा आवाजात 'धरत नाही' म्हणण्यात काय सुख असतं ते त्यांना पुरतं ठाऊक होतं. ते सुख दुसऱ्याच्या तोंडावर बघणं मात्र त्यांना फार जड गेलं. मागं जाण्यासाठी बॅटरीवरची एक छोटी मोटर बसवण्यात आली आणि हॉर्नही लागला. तो फारच केविलवाणा वाजायचा.

इंजिनाची चाचणी रविवारी दुपारी, गाडी कंपाउंडच्या खांबाला साखळीनं बांधून झाली. ती तशी यशस्वी झाली. फक्त अंगणातल्या झाडाची पानं गेली, दोऱ्यांवरचे कपडे क्षणात वाळले आणि वाळल्या वाळल्या पलीकडच्या इमारतीत गेले, आणि दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीतल्या पेशंटनं दचकून तोंड मिटलं तेव्हा डॉक्टरांचं बोट आत होतं. सेक्रेटरींनी तातडीची सभा बोलावली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या मजल्यांवरच्या तिघी-चौघी ओल्या कपड्यांच्या बादल्या घेऊन खाली आल्या आणि लाजत विचारू लागल्या, "आज पुन्हा चालू करणार का हो?" त्यामुळे सभेत एकमत होऊ शकलं नाही.

खरी अडचण पुढंच होती, आणि ती कुठल्याही कचेरीतून आली नाही. गाडी पुरी होत आली तशी एका संध्याकाळी मेव्हण्यानं मापासाठी मॅडमना आत बसवलं. त्यांनी हेल्मेट घातलं, गुडघे नीट घेतले, स्टिअरिंगवर हात ठेवले आणि समोर पाहिलं. समोर पार्किंगची भिंत होती, नळ होता, एक फुटकी कुंडी होती. मॅडम त्या भिंतीकडे अशा बघत होत्या, जणू ती तिथं नाहीच. "किती छान!" त्या हळूच म्हणाल्या.

लिफ्टसाहेबांनी हातातला पाना खाली ठेवला. इतके दिवस ते एक मोटार बांधत होते. तिच्यात माणूस बसणार आहे, आणि तो माणूस कोण, हे त्यांना त्या क्षणी पहिल्यांदा दिसलं.

दुसऱ्या दिवशी ते ऑफिसातून येताना खात्यानं मान्यता दिलेल्या कारखान्याचा एक गव्हर्नर घेऊन आले. मेव्हणा त्या आठवड्यात कामासाठी बाहेरगावी होता, ही गोष्ट सोयीची झाली. गव्हर्नर त्यांनी शेपटाच्या आत बसवला आणि त्याचा जबडा मागच्या आसाला जोडला. वाईट हेतू मुळीच नव्हता. सुरुवातीला त्यांनी मर्यादेचा स्क्रू विक्रमाच्याही पुढं लावून ठेवला होता. पण रोज संध्याकाळी हात पुसून झाले, की त्यांच्या डोळ्यांसमोर काहीतरी येई. वाऱ्याचा झोत आला तर? ते स्क्रू थोडासा पिळत. एखादं चाक उडालं तर? अजून थोडासा. वर नळीवर बसलेल्या मंडळींच्या गप्पा चाललेल्या, मॅडम शिकवणी संपवून फाटकातून येताना हात हलवणार, आणि साहेब खाली स्क्रू पिळतायत. असं करता करता एके दिवशी स्क्रू पुढं फिरेना. मग त्यांनी खिशातून तार काढली, गव्हर्नरला ओवली आणि खात्याच्या पद्धतीप्रमाणे शिशाचं सील दाबून टाकलं. आता त्याला कुणालाही हात लावता येणार नव्हता, त्यांना स्वतःलाही. त्यांना हलकं वाटलं. त्या दिवशी पडलेल्या स्वप्नात लिफ्ट पुन्हा आडवी चालली होती, पण या खेपेला ती प्रत्येक मजल्यावर थांबत होती.

शहरापासून लांब एक कोरडं पडलेलं तळं होतं. पाणी आटून तळाशी नुसता पांढरा, कडक, सपाट थर राहिलेला. सकाळी सगळे तिथं पोचले आणि डोळे बारीक करून बघू लागले. आकाश कुठं संपतं आणि जमीन कुठं लागते तेच कळत नव्हतं. सेक्रेटरींनी घडीच्या खुर्च्या आणल्या होत्या, त्या मांडल्यावर त्यांना स्वतःलाच त्या इथं विचित्र वाटू लागल्या. वेगाची नोंद करायला एक पंच आले होते. वाऱ्यानं कोरडे झालेले, मोजकं बोलणारे गृहस्थ. त्यांनी नियम सांगितला. एकदा जायचं, एकदा यायचं, दोन्ही तासाभराच्या आत, आणि विक्रम धरायचा तो दोन्हींच्या सरासरीवर.

"सरासरी म्हणजे ॲव्हरेजच ना?" सेक्रेटरींनी विचारलं आणि विजयी मुद्रेनं सगळ्यांकडे पाहिलं.

मॅडम आत बसल्या. इंजिन पेटलं. कानठळ्या बसल्या, ती चंदेरी नळी थरथरली, हलली, निघाली, आणि खटकन जागच्या जागी खिळली. धूळ तेवढी पुढं निघून गेली. शेजारून कौतुकानं चालत निघालेले सेक्रेटरीही गाडीला मागं टाकून पुढं गेले. पंचांनी एकदा गाडीकडे आणि एकदा सेक्रेटरींकडे पाहून विचारलं, "नोंद कुणाची करू?"

पुन्हा प्रयत्न झाला. पुन्हा तेच. मेव्हणा वेड्यासारखा गाडीभोवती धावत होता. डॉक्टर म्हणाले, "ब्रेक मात्र उत्तम आहेत हं." मग इंजिन बंद झालं, झाकण वर गेलं, मॅडमनी हेल्मेट काढलं.

"ब्रेक कुणी दाबला?" त्यांनी विचारलं.

"ताई, आत तू एकटीच आहेस," मेव्हणा म्हणाला.

"मला नको शिकवू. गाडी सुटायला लागली की शेजारचं कुणीतरी घाबरतं आणि पाय दाबतं, तेव्हाच ती अशी थांबते. मी जन्मभर तेच केलंय."

सगळ्यांनी लिफ्टसाहेबांकडे पाहिलं. ते बुटांकडे बघत होते. "गव्हर्नर आहे," ते पुटपुटले.

"किती वेगावर लावलाय?" मेव्हण्यानं विचारलं.

"सात माणसांच्या लिफ्टच्या."

मेव्हणा मटकन खाली बसला. मॅडम मात्र रागावल्या नाहीत, आणि तेच फार कठीण होतं. "मी आत बसणार म्हणून लावलात?"

"हो."

"मला सांगितलं का नाहीत?"

"तू नको म्हणाली असतीस."

मॅडम बराच वेळ समोरच्या पांढऱ्या मैदानाकडे बघत राहिल्या. तिथं आडवं येणारं खरोखरच काही नव्हतं. मग त्यांनी अगदी हलक्या आवाजात विचारलं, "अहो, मी शिकाऊ आहे का?"

लिफ्टसाहेबांना जन्मात इतकी लाज वाटली नव्हती. पडणाऱ्या गोष्टी थांबवणं हे त्यांचं काम, आणि ते त्यांनी चोख केलं होतं. पण जाणाऱ्या आणि पडणाऱ्या गोष्टीतला फरक त्यांनी कधी तपासलाच नव्हता. त्यांनी मेव्हण्याकडे पक्कड मागितली. सील फोडणाऱ्याला त्यांच्या खात्यात माफी नव्हती. फुटक्या सीलपायी त्यांनी अख्ख्या इमारतींना महिना महिना जिने चढायला लावले होते. ते शेपटाखाली सरपटत गेले, आणि कट्‌ असा एक बारीक आवाज झाला. बाहेर आले तेव्हा गव्हर्नरच त्यांच्या हातात होता, सबंध.

"बघून जा," ते मॅडमना म्हणाले.

"काय बघू? काही नाहीच आहे तिथं," मॅडम हसल्या आणि झाकण लावून घेतलं.

इंजिन पेटलं तसं लिफ्टसाहेबांनी डोळे घट्ट मिटले आणि गव्हर्नर छातीशी धरला. आवाज जमिनीतून आला, तळपायांतून वर चढला, छातीशी धरलेल्या लोखंडात शिरला. मग तो आवाज कुठंतरी निघून गेला. डोळे उघडले तेव्हा मैदानावर धुळीची एक सरळ रेघ होती आणि त्या रेघेला टोक नव्हतं.

पंचांनी घड्याळ पाहिलं, पुन्हा पाहिलं, मग कानाला लावून पाहिलं. "तासाभरात अशाच परत आल्या," ते घसा खाकरून म्हणाले, "तर जगात यांच्यापुढं कुणी नाही." सेक्रेटरींनी डॉक्टरांना मिठी मारली. डॉक्टरांचं बोट अजून दुखत होतं.

सगळे वाट बघू लागले. मैदान गप्प होतं. मेव्हण्यानं दुर्बीण लावली. "वेग मारायची मागची छत्री उघडलीय. गाडी थांबलीय. ताई बाहेर आलीय." मग जरा थांबून, "बसलीय."

"बसलीय म्हणजे?"

"जमिनीवर. चाकाला टेकून." वायरलेसवर हाका मारून त्याचा घसा बसला, पण पलीकडून उत्तर येईना. शेवटी तो मंडळींबरोबर आलेल्या मॅडमच्या शिकवणीच्या गाडीत उडी मारून बसला. शेजारच्या खुर्चीत डॉक्टर चढले, मागं सेक्रेटरी. गाडी एक झटका द्यायची आणि बंद पडायची, पुन्हा चालू व्हायची आणि पुन्हा बंद पडायची. डॉक्टर इतके घाबरले होते, की त्यांचा पाय शेजारच्या जादा ब्रेकवर होता आणि हे त्यांना स्वतःलाही माहीत नव्हतं.

लिफ्टसाहेब या गडबडीत नव्हते. ते कधीच चालायला लागले होते. गाडी आहे, कुणीतरी नेईल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. पांढऱ्या मैदानावर झाड नव्हतं, दगड नव्हता. कितीही चाललं तरी आपण तिथंच आहोत असं वाटत होतं, आणि त्याची भीती वाटत नव्हती. बऱ्याच वेळानं लक्षात आलं, की गव्हर्नर अजून हातातच आहे. त्यांनी तो जमिनीवर ठेवला आणि पुढं निघाले. मागून हाका येत होत्या, त्या हळूहळू विरून गेल्या.

मॅडम चाकाला टेकून बसल्या होत्या. चेहऱ्यावर धूळ होती, डोळे मात्र लख्ख.

"बसा," त्या म्हणाल्या.

"लागलं का कुठं?"

"नाही हो. बसा ना."

ते शेजारी टेकले. "तास संपत आलाय. परत गेलीस तर विक्रम..."

"माहीत आहे. कानात आमचा धाकटा सारखा ओरडत होता, म्हणून हेल्मेट काढून ठेवलं." त्यांनी पाय लांब केले. "लगेच परत आले असते तर संपलंच असतं. निघायला एवढी वर्षं लागली आणि तासाभरात आवरायचं?"

 लिफ्टसाहेबांनी विचारलं, "कसं होतं?"

"आधी भीती वाटली. पाय आपोआप ब्रेक शोधायला लागला. मग म्हटलं, अगं, पुढं आहेच कोण? आणि मग आवाज मागं राहिला. आत एकदम शांत झालं. इतकं शांत असतं हे कुणी सांगितलंच नव्हतं. लांबचे डोंगर माझ्याकडे चालत येत होते." त्या वळल्या. "बाहेरून कसं दिसत होतं? मला तेवढंच बघता आलं नाही. तुम्ही बघितलंत ना?"

काहीतरी गोड सांगून वेळ मारून नेता आली असती. पण न तपासलेल्या गोष्टीवर सही करणं लिफ्टसाहेबांना जमायचं नाही. "मी डोळे मिटले होते," ते म्हणाले.

"सबंध वेळ?"

"सबंध वेळ. उघडले तेव्हा तू नव्हतीस."

मॅडम त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग हसायला लागल्या, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतलं पाणी धुळीतून ओघळलं. दूर, अगदी टोकाला, पंचांनी झेंडा खाली उतरवला. तास संपला होता. तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

मॅडम उठल्या, कपडे झटकले. "टाकीत परतीचं रॉकेल तसंच आहे. छत्रीही दुसरी आहे."

"पण आता नोंद व्हायची नाही."

"नोंदीसाठी कोण चाललंय? तुम्ही तिकडे लांब उभे राहा. आणि या खेपेला डोळे उघडे ठेवायचे."

गाडी वळवायला जागा जगभर होती. तरी मॅडमनी शिकवतात तशी ती शिस्तीत वळवली, थोडी पुढं, थोडी मागं. मागं घेताना लिफ्टसाहेब शेपटापाशी उभे राहून हात हलवत ओरडत होते, "येऊ द्या, येऊ द्या, अजून आहे, येऊ द्या!" क्षितिजापर्यंत कुठंही धडकायला काही नव्हतं. मग ते धावत लांब गेले आणि उभे राहिले.

इंजिन पेटलं. त्यांच्या पापण्या मिटायला आल्या, त्या त्यांनी निकरानं उघड्या ठेवल्या. डोळ्यांत धूळ गेली, पाणी आलं, तरी उघड्या ठेवल्या. आधी जागच्या जागी धूळ उठली. मग धूळ होती तिथंच राहिली आणि त्यांची बायको तिच्यातून बाहेर पडली, सरळ, कुठंही न अडता, आणि ते पुरतं दिसेपर्यंत ती मैदानाच्या मध्यावर होती, आणि ते मनाशी 'मध्यावर' म्हणेपर्यंत तिथंही नव्हती. आवाज मागाहून आला. "गेली!" लिफ्टसाहेब एकटेच ओरडले. "अगं, काय गेलीस!" त्यांनी चक्क उडी मारली, आणि आजूबाजूला कुणी नसल्यामुळे आणखी एक मारली.

मग मैदान पुन्हा शांत झालं. लिफ्टसाहेबांनी डोळे पुसले आणि खुशीत इकडे तिकडे पाहिलं. तेव्हा कुठं त्यांच्या लक्षात आलं, की मॅडम त्या टोकाला आहेत, दोन्ही गाड्या त्या टोकाला आहेत, सगळी सोसायटी त्या टोकाला आहे, आणि या टोकाला फक्त आपण आहोत. ते हसत हसत चालायला लागले.